बर्फावर थांबणं

चंद्रपूरच्या मे महिन्यात बर्फ दिसतो तो पोत्यात. कारखान्यातून निघालेली लादी धानाच्या कोंड्यात घोळलेली, गोणपाटात गुंडाळलेली असते आणि हातगाडीमागे रस्ताभर पाण्याची रेघ उमटत जाते. पारा ४७-४८ अंशांवर असतो. रसवंतीपर्यंत पोचेस्तोवर लादीच्या कडा गोल झालेल्या असतात. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मला बर्फ एवढाच माहीत होता. हा बर्फ पायाखाली घ्यायचा असतो, त्याच्यावर धावायचं असतं आणि ऐन वेगात जागच्या जागी थांबता आलं पाहिजे, हे मला लेहच्या एका गोठलेल्या तलावावर कळलं. पुढच्या पानांमधला बराच मजकूर त्या थांबण्याबद्दल आहे.

आईस हॉकीची माझी एक वही होती. सरावानंतर मी तीत लिहायचे: आज काय जमलं, कुठे पडले, कोणी काय सांगितलं. त्या वहीची ही पुस्तिका झाली आहे. ती मराठीत आहे आणि मुख्यतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींसाठी आहे. या दोन जिल्ह्यांत बर्फ पडत नाही, पडणार नाही, आणि इथल्या पोरांना हा खेळ समजावून सांगायचा तर सुरुवात इथल्याच जमिनीपासून करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

माझी सुरुवात ऊर्जानगरला झाली. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतलं सिमेंटचं कोर्ट, त्यावर चाकांचे इनलाइन स्केट्स. वसाहतीला जंगल लागूनच. बिबट दिसल्याची बातमी आली की संध्याकाळचा सराव बंद व्हायचा आणि मग पहाटे, उजाडल्यावर, ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं. चाकांवर मी वेगात होते. इनलाइन हॉकीही खेळले. त्यात गोलकीपर सोडून चार जण असतात, पक, म्हणजे चेंडूऐवजीची चकती, हलका प्लास्टिकचा असतो, ऑफसाइडची भानगड नसते. मला वाटायचं, चाकांच्या जागी पातं लावलं की झाली आईस हॉकी.

लेहला पहिल्यांदा गेले तेव्हा पहिले तीन दिवस मला खेळूच दिलं नाही. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर, लेह साडेतीन हजारांवर. खोलीत बसायचं, कोमट पाणी प्यायचं, जिना हळू चढायचा. मी चिडले होते. दहा मिनिटं चाललं तरी धाप लागते हे अनुभवल्यावर गप्प झाले. चौथ्या दिवशी तलावावर उतरले. पुढे जाणं लगेच जमलं. चाकांनी तेवढं शिकवलं होतं. वेग घेतला, समोर कड आली, सवयीने मागचा पाय आडवा ओढला आणि मी थेट कडेच्या साचवलेल्या बर्फात जाऊन आदळले. सगळी सकाळ तशीच गेली. बारा-तेरा वर्षांच्या लडाखी मुली माझ्या दोन्ही बाजूंनी सुसाट यायच्या, माझ्यापासून हातभर अंतरावर थबकायच्या, आणि त्यांच्या पायांतून बर्फाचा पांढरा कीस माझ्या गुडघ्यांवर उडायचा.

तो कीस म्हणजे या खेळाचं मूळ आहे. स्केटचं पातं सुरीसारखं टोकदार असेल असं आपल्याला वाटतं. ते जवळजवळ तीन मिलिमीटर जाड असतं. खालच्या बाजूला लांबभर पन्हळ काढलेली असते, घराच्या कौलासारखी पण उलटी, आणि त्या पन्हळीमुळे एकाच पात्याला दोन धारा होतात: एक आतली, एक बाहेरची. सरळ घसरताना दोन्ही धारा टेकलेल्या असतात. वळताना एकच. थांबायचं असेल तर दोन्ही पाय एकदम आडवे फिरवायचे, गुडघे वाकवायचे, पुढच्या पायाची आतली आणि मागच्या पायाची बाहेरची धार बर्फाला लावायची आणि वरचा थर किसून काढायचा. दाब जास्त झाला की धार रुतते आणि माणूस पलीकडे फेकला जातो. दाब कमी पडला तर घसरत राहतो. चाकांवर हे असं होत नाही, कारण चाक आडवं घसरत नाही, ते जमिनीला धरून ठेवतं. म्हणून चाकांवरचा खेळाडू बर्फावर येतो तेव्हा त्याला धावणं येत असतं, थांबणं मुळापासून शिकावं लागतं. हे मी आधीच सांगते आहे, कारण सिमेंटवरचा सराव म्हणजेच बर्फावरचा सराव असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. सिमेंट तुम्हाला अर्ध्या वाटेपर्यंत नेतं. ती अर्धी वाट मोलाची आहे, पण अर्धीच आहे.

डावं अंग पुढे करून थांबणं मला तीन आठवड्यांत आलं. उजव्या अंगाने थांबायला दुसरा हिवाळा लागला. प्रत्येकाची एक बाजू सोपी असते आणि समोरचा संघ पहिल्या दोन मिनिटांत ती ओळखतो. मग तो तुम्हाला सतत अवघड बाजूला ढकलत राहतो. लेहच्या माझ्या प्रशिक्षकांनी त्यावर एकच उपाय सांगितला: सोप्या बाजूने थांबायला आठवडाभर बंदी.

आता आपल्या जमिनीकडे येते. सिंदेवाहीकडे माझ्या आजीची थोडी धानाची शेती आहे. दोन बांध्या आणि एक बोडी, म्हणजे लहान तळं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते तेव्हा बाया ओळीने चिखलात उभ्या राहतात आणि रोपं लावत लावत मागे सरकतात. दिवसभर मागे, मागे. कोणी वळून पाहत नाही, तरी ओळ वाकडी होत नाही, पाय बरोबर पडतो. मी लहानपणी आजीसोबत रोवणीला जायचे. लेहला बचावफळीत उभी केली आणि मागे घसरत घसरत समोरच्या खेळाडूवर नजर ठेवायला सांगितली, तेव्हा बाकी नवख्या मुलींपेक्षा मला ते लवकर जमलं. पाठ कुठे आहे, मागे किती जागा उरली आहे, हे न पाहता कळण्याची सवय अंगात होती. एक गोष्ट मात्र बदलावी लागली. रोवणीत कंबर वाकते, हॉकीत गुडघे वाकतात आणि छाती वर राहते. कंबरेतून वाकलात तर नजर खाली जाते आणि नजर खाली गेली की पक तुमच्या शेजारून निघून गेलेला असतो.

गेडीचंही तसंच. पावसाळ्यात, चिखल झाला की बांबूच्या दोन काठ्यांवर चढून चालणारी पोरं आपल्याकडच्या गोंड-माडिया गावांत दिसतात. जमिनीपासून हात-दीड हात वर, तळव्याखाली आडवा तुकडा, आणि पूर्ण अंगाचा तोल घोट्यात. गेडीवर उभं राहून थांबता येत नाही. थांबलात की पडलात, म्हणून सतत बारीक बारीक हलत राहावं लागतं. स्केटवर स्थिर उभं राहणंही असंच असतं. ज्याने दोन पावसाळे गेडी केली आहे त्याचे घोटे बर्फासाठी निम्मे तयार आहेत. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या क्रीडाशिक्षकांनी हे वाक्य गंभीरपणे घ्यावं अशी माझी विनंती आहे.

आणि कबड्डी. हा खेळ समजावून सांगताना मला कबड्डीसारखा दुसरा आधार सापडलेला नाही. आईस हॉकीत एका वेळी संघाचे सहा जण बर्फावर असतात: एक गोलकीपर, दोन बचावाचे, तीन पुढचे. सामना २० मिनिटांच्या तीन भागांचा. पण गोलकीपर सोडून कोणीही २० मिनिटं सलग खेळत नाही. चाळीस-पंचेचाळीस सेकंद पूर्ण जीव ओतून खेळायचं आणि बाहेर यायचं. खेळ न थांबवता, फळीवरून उडी मारून दुसरा आत जातो. याला शिफ्ट म्हणतात. नवख्यांना हे उमगत नाही. त्यांना वाटतं बाहेर येणं म्हणजे कमी पडणं, म्हणून ते मिनिट-दीड मिनिट रेटत राहतात, पाय जड होतात, आणि त्याच शेवटच्या वीस सेकंदांत गोल बसतो. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते. चढाईपटू आत जातो, जे करायचं ते करतो आणि दम सुटायच्या आत आपल्या रेषेपलीकडे परततो. परतणं हा त्या चढाईचाच भाग आहे, तिथे कोणाला लाज वाटत नाही. शिफ्टचं तंतोतंत तेच आहे. दंडही ओळखीचाच वाटेल: नियम मोडला की दोन मिनिटं बाहेरच्या पेटीत बसायचं, तुमचा संघ तेवढा वेळ एकाने कमी, आणि त्या दोन मिनिटांत समोरच्याने गोल केला की तुम्ही परत आत. कबड्डीत गडी बाद होणं-उठणं पाहिलेल्या मुलाला हे एका वाक्यात कळतं.

पकबद्दल थोडं. टणक रबराची चकती, ७.६२ सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर रबर उसळी घेतं. गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. एवढी लहान चौकट आणि तिच्यात आपादमस्तक गाद्या बांधलेला गोलकीपर; पाहणाऱ्याला वाटतं जागा उरतच नाही. जागा असते, पण ती क्षणभर असते, आणि ती दिसण्यासाठी मान वर हवी. म्हणून स्टिकवर पक खेळवताना त्याच्याकडे न पाहणं हे थांबण्यानंतरचं दुसरं मोठं कौशल्य. याचा सराव मात्र घरी पूर्ण होतो. गुळगुळीत फरशी किंवा कोट्याची लादी, लाकडाचा गोळा, आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचायचं. आईने माझ्या तारखा आणि तिथ्या इतक्या ऐकल्या की शेवटी तीच पुढची तिथी सांगायला लागली. झारखंडच्या सिमडेग्यात आदिवासी मुली घरी घडवलेल्या काठ्यांनी हॉकी खेळत वाढल्या आणि भारताच्या संघात गेल्या. ती मैदानी हॉकी आहे, बर्फाची नाही; तरी काठी हातात कशी जिवंत होते, हे शिकायला महागडी काठी लागत नाही एवढं त्यातून कळतं. आपल्याकडे बांबूला तोटा नाही.

बर्फाच्या हॉकीचा पहिला आखीव, बंदिस्त जागेतला सामना ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात झाला असं मानतात. ऑलिंपिकमध्ये ती १९२० मध्ये आली, तीही अँटवर्पच्या उन्हाळी स्पर्धेत. महिलांना मात्र १९९८ च्या नागानोपर्यंत वाट पाहावी लागली. भारतात हा खेळ खऱ्या अर्थाने लडाखचा आहे. लेहमध्ये कारझू आणि गुपुक्ससारख्या तलावांवर, जवानांच्या आणि स्थानिक तरुणांच्या खेळातून तो वाढला. सुरुवातीच्या काळात बुटांना लोखंडी पाती जोडून आणि झाडाच्या फांद्यांच्या काठ्या करून माणसं खेळली. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य आहे, आणि तरीही अनेक वर्षं भारतीय खेळाडूचा हंगाम म्हणजे तलाव गोठलेला असतानाचे दोन महिने. कृत्रिम रिंकवर बर्फ सारखा करायला यंत्र फिरतं. लेहच्या तलावावर रात्री माणसं पाणी ओततात, झाडतात, आणि पहाटे तो धरला का ते पाहायला येतात. मी ते पाहिलं आहे. उणे पंधरामध्ये बादली घेऊन उभी असलेली माणसं आणि आमच्या बोडीच्या पाळीवर रात्री पाण्याची राखण करणारे शेतकरी, यांच्या उभं राहण्यात मला फरक दिसला नाही.

महिलांच्या राष्ट्रीय संघाची गोष्ट प्रत्येक नवख्या खेळाडूला माहीत असावी. २०१६ मध्ये हा संघ पहिल्यांदा आशियाई चषकाच्या स्पर्धेसाठी तैपेईला गेला, त्यासाठीचे पैसे लोकांकडून गोळा करावे लागले. तिथे संघ मोठ्या फरकांनी हरला. अनेकींनी कृत्रिम बर्फावर, पूर्ण मापाच्या रिंकवर, त्याआधी फारसं पाऊलही ठेवलं नव्हतं. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. तो भारताच्या महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. गोलमध्ये नूर जहाँ होती. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर, जिच्या नावावर ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं आहेत, लडाखला येऊन या मुलींबरोबर बर्फावर उतरली. आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. त्या संघात लडाखच्या मुलींबरोबर हिमाचलच्या मुलीही होत्या. मी तो निकाल फोनवर पाहिला तेव्हा चंद्रपुरात मृगाचे ढग जमत होते, आणि मी कोर्टवरच्या त्याच सिमेंटवर पाय आडवे फिरवायचा निष्फळ प्रयत्न करत होते. निकाल वाचून मी खाली बसले. नऊ वर्षं, एवढंच मनात आलं. तैपेई ते अल ऐन नऊ वर्षं.

स्पर्धेबद्दल मला जे कळलं ते याच संघाकडे पाहून. आपल्याकडे हरलेल्या मुलाला लगेच विचारतात, कितीने हरलात? फरकाचा आकडा नवख्या संघाबद्दल फार कमी सांगतो. मी माझ्या वहीत दुसरे आकडे लिहायला लागले. किती वेळा पक आपल्या टापूतून नीट बाहेर काढला, किती शिफ्ट वेळेत संपवल्या, किती वेळा अवघड बाजूने थांबले. आमचा संघ एकदा ११-० ने हरला आणि त्या दिवशीच्या पानावर माझे सगळे आकडे आधीच्या सामन्यापेक्षा चांगले आहेत. ते पान या पुस्तिकेत जसंच्या तसं छापलं आहे.

आपल्या भागातल्या मुलांचा आणि बर्फाचा संबंध काय, असं मला एका निवडीच्या वेळी विचारलं गेलं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण मला ते लागलं, कारण उत्तर तोपर्यंत जगजाहीर झालेलं होतं. मे २०१८. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे, विकास सोयाम. बोर्डा, जिवती, देवाडा इथल्या आश्रमशाळांची ही चंद्रपूर जिल्ह्यातली पाच आदिवासी मुलं त्या महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’मधून त्यांची निवड झाली, दार्जिलिंगला आणि लडाखला त्यांनी सराव केला. मी तेव्हा सातवीत होते. वर्गात फळ्यावर बाईंनी पाच नावं लिहिली आणि जिवती कुठे आहे ते नकाशावर दाखवलं. माणिकगड डोंगरातलं जिवती. तिथून निघालेली पावलं ८,८४८ मीटरवरच्या बर्फापर्यंत गेली होती. गिर्यारोहण आणि हॉकी वेगळी, हे मला कळतं. पण गरम मुलखातल्या शरीराला थंडी शिकवता येते, आणि ती शिकवायला कोणीतरी आधी नीट योजना आखावी लागते, वेळ द्यावा लागतो, हे त्या पाच जणांनी आमच्यासाठी कायमचं सिद्ध केलं आहे.

चाकांवरून बर्फावर जाण्याची वाटही मराठी पायांनी मळलेली आहे. पुण्याची श्रुती कोतवाल इनलाइन स्केटिंगमधून बर्फावरच्या वेगवान स्केटिंगकडे वळली आणि भारतासाठी खेळली. तिचा खेळ हॉकी नाही. पण चाकं काढून पाती चढवण्याचा निर्णय तिने घेतला तेव्हा महाराष्ट्रात तसं करायला पूर्ण मापाची जागा नव्हती. आईस हॉकीच्या पूर्ण मापाची, म्हणजे साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, रिंक आपल्या राज्यात आजही नाही. मुंबईत गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये छोटी बर्फाची रिंक होती, ते उद्यान २०२२ मध्ये बंद झालं. देहरादूनची मोठी रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभी राहिली, नंतर बरीच वर्षं बंद होती आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे आता बारमाही बर्फ दोन रात्रींच्या रेल्वेवर आला आहे. माझ्या लहानपणी तेवढंही नव्हतं.

खर्चाबद्दल खरं तेच सांगते. स्केट्स, हेल्मेट, दस्ताने, नडगीचं आणि कोपराचं संरक्षण, स्टिक. हे सगळं नवं घ्यायचं तर आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणार नाही. लेहमध्येही बहुतेक मुली दुसऱ्याने वापरलेलं सामान घालून शिकल्या. सामान सामायिक ठेवणं, मापानुसार वाटणं, ओलं पातं पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवणं, याचं एक स्वतंत्र प्रकरण मी लिहिलं आहे. सामानानंतर प्रश्न जागेचा. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या विसापूरच्या क्रीडा संकुलात २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. धावपट्टी आहे, मैदानं आहेत, बाहेरून आलेली मुलं पाहिलेला जिल्हा आहे. तिथे चाकांच्या हॉकीसाठी एक गुळगुळीत, फळ्यांनी बंदिस्त कोर्ट व्हावं ही माझी मागणी आहे. रिंकपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल. गडचिरोलीत पोलीस दलाकडून दुर्गम गावांच्या कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात, गावंच्या गावं संघ घेऊन येतात. त्या संघांतली पोरं पाहिली की मला त्यांच्या घोट्यांकडे आणि गुडघ्यांकडेच पाहायची सवय लागली आहे.

गोलकीपरचं प्रकरण या पुस्तिकेत तोकडं आहे. मी कधी गोलमध्ये उभी राहिलेले नाही, आणि जे केलं नाही त्यावर पानं भरायची नव्हती. नियमांची प्रकरणं शेवटी टाकली आहेत. ती आधी वाचू नका. आधी पडायचं प्रकरण वाचा, कसं बाजूला पडायचं, हात मुठीत कसे ठेवायचे म्हणजे बोटं पात्याखाली येत नाहीत, एका गुडघ्यावरून कसं उठायचं.

ऊर्जानगरच्या कोर्टवर आम्ही रविवारी पहाटे असतो. उन्हाळ्यात साडेपाचला, हिवाळ्यात उजाडल्यावर. स्केट्सच्या आठ जोड्या आहेत, पायाचं माप सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवते. लांब बाह्यांचा सदरा घालून या. पहिल्या दिवशी स्टिक हातात मिळणार नाही.